राहिलेले लिस्बन, पाहिलेले लिस्बन

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या पावसातही येथवर आलेले मित्रहो,

लिस्बनवर बोलायला उभे राहिले की हुरहुरीचा तो एक पोर्तुगीज शब्द उच्चारायचा आणि श्रोत्यांनी माना डोलवायच्या, अशी आपल्या गोव्यात जणू रीतच पडून गेली आहे. तो शब्द मी आज उच्चारणार नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते त्याहून बरेच रोकडे आहे. १९९४ ते २००१ अशी सात वर्षे मी ज्या शहरात भाडेकरू होतो, तेथे २०२४च्या ऑक्टोबरात पाच रात्रींचा पाहुणा म्हणून गेलो. आणि राहणे म्हणजे नेमके काय, हे मला तेथे न राहिल्यामुळे कळले.

सुरुवात विमानतळावरच झाली. पासपोर्ट तपासणीला दोन रांगा होत्या. माझ्याबरोबर विमानात बार्देशातला एक तरुण होता. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात झालेला, त्या आधारावर घरात पोर्तुगीज नागरिकत्व आले, आणि आता तो आयुष्यात प्रथमच पोर्तुगाल पाहत होता. तो युरोपीय नागरिकांच्या रांगेतून दहा मिनिटांत बाहेर पडला. मी, ज्याने या शहरात सात वर्षे विजेची बिले भरली होती, इतरांच्या रांगेत दीड तास उभा राहिलो. यात तक्रार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि दोहोंपैकी कोणते ठेवायचे हे मी तेव्हा स्वतःच ठरवले होते. पण रांगेत उभ्या माणसाला हिशेब सुचतात.

माझी खोली ग्रासा या टेकडीवरच्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरमधून येई आणि तो वर चढवणाऱ्या माणसाला बक्षिसी द्यावी लागे. कपडे खिडकीबाहेर कप्पीच्या दोरीवर वाळत घालायचे. वारा सुटला की माझा पंचा हमखास पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीच्या दोरीवर जाऊन पडे, आणि तो आणायला गेलो की ती आधी घडी घालून हातात देई व मग ओरडे. माझे पोर्तुगीज सुधारले ते त्या ओरडण्यामुळे. दिवसा मी तोरे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात गोव्याचे जुने कागद वाचत असे, पण तेथील वाचनालयात बोलायला मनाई होती.

या सात वर्षांत बेलेंचा प्रसिद्ध मनोरा मी आतून एकदाही पाहिला नाही. तुमच्यापैकी किती जण ओल्ड गोव्याच्या चर्चमध्ये पाहुण्यांना घेऊन जाण्याखेरीज गेले आहेत? आता मात्र मी तिकीट काढून सगळे पाहिले. १७५५च्या भूकंपात छप्पर कोसळलेले आणि पुन्हा कधीच न शाकारलेले कार्मूचे मठमंदिर पाहिले, भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत आखलेले बायशा या सखल मध्यवस्तीचे सरळ रस्ते चालून पाहिले, अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामसाठी पाऊण तास ताटकळलो. याच ट्रामने मी पूर्वी कांदेबटाट्यांच्या पिशव्या घेऊन घरी येत असे. आता तिच्यात एकही पिशवी दिसली नाही. सगळ्यांच्या हातांत फोन होते, आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या घराकडे गेलो. दाराशी पूर्वी भाडेकरूंच्या नावांच्या पट्ट्या असत. आता तेथे आकडे जुळवून उघडायच्या, किल्ल्या ठेवण्याच्या सहा छोट्या पेट्या टांगलेल्या होत्या. वर्षानुवर्षे गोठलेली घरभाडी २०१२च्या कायद्याने मोकळी झाली, मग घरे पर्यटकांना देण्याचा धंदा फोफावला आणि जुन्या वस्त्यांतली माणसे उपनगरांकडे सरकली, हे मी वाचलेले होते. पण वाचणे वेगळे आणि त्या सहा पेट्या पाहणे वेगळे. मी दाराचा फोटो काढला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एका अनोळखी बाईने इंग्रजीत विचारले, ‘कुठली खोली घेतली आहे तुम्ही?’ मी पोर्तुगीजमध्ये सांगितले की मी येथे राहत होतो. तिने ते ऐकून घेतले आणि किल्ली कशी काढायची ते पुन्हा इंग्रजीतच समजावले.

तिच्या चेहऱ्यावरचा तो वैताग मी ओळखतो. पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीमध्ये कोणाच्या तरी दारासमोर पोज देणाऱ्या जोडप्यांकडे खिडकीतून पाहणाऱ्या माणसाचा तोच चेहरा असतो. मी त्या माणसाच्या बाजूने वर्षानुवर्षे बोलत आलो आहे, आणि ग्रासात मात्र मी पोज देणाऱ्यांतला होतो.

आणखी एक जुनी गोष्ट तेव्हा आठवली. नव्वदच्या दशकात लिस्बनमध्ये मला वयस्क गोवेकर भेटत, जे मुक्तीच्या आगेमागे तिकडे गेले होते. ते विचारत, पणजीहून मांडवीपलीकडे बेतीला जायला अजून फेरीबोटच आहे का? मी सांगे, पूल झाला, तो १९८६ साली कोसळलाही, आणि आता दुसरे पूल आहेत. ते मान हलवत आणि पुढच्या भेटीत पुन्हा फेरीबोटीबद्दलच विचारत. मला त्यांचे हसू येई. (फेरीबोट अजून चालते, त्यांचा प्रश्न तितका चुकीचा नव्हता.) आता माझी पाळी होती. युरोपूर्वीच्या पोर्तुगीज चलनातली, पाच हजार एश्कुदुंची, वास्को द गामाच्या चित्राची एक नोट माझ्या कपाटात राहून गेली होती, ती मी बरोबर नेली होती. युरोच्या नोटा १ जानेवारी २००२ रोजी आल्या, पण पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेने जुन्या नोटा बदलून देण्यासाठी २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे मुदत ठेवली होती. मी अडीच वर्षे उशिरा पोचलो. पंचवीस युरो गेले, हे दुःख फार मोठे नाही. पण माझी भाषाही त्या नोटेइतकीच जुनी झाली होती. हजार एश्कुदुंना लिस्बनचे लोक एक ‘कोंतु’ म्हणत, आणि मी अजूनही किमती कोंतुंतच मोजत होतो.

शेवटच्या सकाळी हॉटेलच्या बिलात एक वेगळी ओळ होती. नगरपालिका पर्यटकाकडून दर रात्री चार युरो घेते, त्याचे पाच रात्रींचे वीस युरो. मनात हिशेब झाला आणि तोंडातून निघून गेले, ‘म्हणजे चार कोंतु!’ काउंटरवरचा मुलगा नेपाळचा होता, चार वर्षांपासून येथे. चौकशी केली तेव्हा कळले की रहिवासी परवान्याच्या नूतनीकरणासाठी तो दोन दिवसांनी रजा काढून रांगेत उभा राहणार होता, आणि घरमालकाने भाडे वाढवले म्हणून नवी खोलीही शोधत होता. त्याने हिंदीत विचारले, ‘अंकल, ये कोंतु क्या होता है?’ मी पाकिटातून ती नोट काढून त्याच्यापुढे ठेवली आणि सांगू लागलो. तेवढ्यात मागच्या मंडळींनी आपले पासपोर्ट काउंटरवर सरकवले.