दारावरचे सेनापती

नमस्कार श्रोतेहो.

चिनी चित्रकला म्हटलं की धुक्यातले डोंगर, बांबूचं बन, होडीतला एकटा नावाडी डोळ्यांपुढे येतो. ती विद्वानांची आणि दरबाराची कला. खेड्यातल्या घरात मात्र नववर्षाच्या तोंडावर बाजारातून लाकडी ठशांची स्वस्त, भडक चित्रं यायची. मासा कवटाळलेलं गुटगुटीत बाळ, चुलीचा देव, आणि दाराच्या दोन फळ्यांवर समोरासमोर तोंड करून उभे दोन शस्त्रधारी द्वारपाल. हे दोघे, छिन छ्युंग आणि युछ गोंग, सातव्या शतकातल्या थांग सम्राट थायझोंगचे खरेखुरे सेनापती. भुतांच्या भयानं सम्राटाला झोप लागेना, तेव्हा ते रात्रभर दाराशी पहाऱ्याला उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. कागद वर्षभर ऊनपाऊस सोसून विरतो, नव्या वर्षी नवी जोडी चिकटवतात. तिआनजिनजवळच्या यांगलिउछिंगची खासियत अशी, की रेषा ठशानं छापतात आणि चेहरे कुंचल्यानं हातानं रंगवतात.

मला या सगळ्यात मोलाचा वाटतो तो यानआनमधला, म्हणजे वायव्य चीनमधल्या कम्युनिस्टांच्या तळावरचा काळ. 1938 मध्ये तिथं लेखक लू शुन यांच्या नावानं कला अकादमी निघाली. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1939 मध्ये यानआनला पोचले, तो हाच काळ. शहरांतून आलेले तरुण चित्रकार युरोपीय वळणाची काष्ठचित्रं कोरत. त्यांत गडद सावल्या असत, अर्धा चेहरा काळा. शेतकऱ्यांना ते पटेना. माणसाचं अर्धं तोंड काळं कसं? आणि चित्रकारांनी ऐकलं! गू युआन यांनी घटस्फोटाची दाद मागणाऱ्या बाईचं आपलं चित्र नव्यानं कोरलं. सावल्या गेल्या, रेषा मोकळ्या झाल्या, चेहरे उजळले. यान हान यांनी द्वारपालांच्या जागी जपान्यांशी लढणारी माणसं उभी केली. हा प्रचार होताच, पण त्याचं रूप ठरवलं ते गावकऱ्यांच्या नजरेनं.

1949 नंतर सरकारनंच नव्या नववर्षचित्रांचा आग्रह धरला. ट्रॅक्टर आले, भरघोस पिकं आली, माओ आले. चुलीचा देव अंधश्रद्धा ठरला. सांस्कृतिक क्रांतीत कितीतरी जुने ठसे जाळले गेले. ते नुकसान कधीच भरून येणार नाही.

2006 मध्ये यांगलिउछिंगच्या चित्रांना चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत स्थान मिळालं. ते दोन सेनापतीही दारांवर परतले आहेत, बहुतेक ठिकाणी यंत्रावर छापलेले. ठसा कोरणारे हात मात्र थोडे उरलेत, आणि ते कसब शिकायला वर्षं लागतात.