पहिल्या सत्रातच ठरणारा विद्यापीठप्रवेश

कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजे आहेत, आणि तिथे दोन वर्षे शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची वाट 1960च्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यातच आखलेली आहे. म्हणूनच ‘विद्यापीठात मिळालं नाही म्हणून कॉलेज’ हे आपल्या घरांतून ऐकू येणारे वाक्य मला मनापासून खटकते. मात्र सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायची असेल, तर पहिल्या सत्राचे विषय निवडतानाच जागरूक राहावे लागते, कारण विद्यापीठाचा अर्ज त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात भरायचा असतो.

गेल्या वर्षी एक मुलगी गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. साठ सेमिस्टर युनिट, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासाचे श्रेयांक, पुरी होत आलेली, गुण उत्तम. ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर तिचे कॉलेज आणि तिला हवे असलेले विद्यापीठ निवडून आम्ही दोघांमधला करार उघडला. त्यात डावीकडे विद्यापीठाचा विषय असतो आणि उजवीकडे त्याच्या जागी चालणारा कॉलेजचा विषय. उजव्या रकान्यावरून बोट फिरवत ती जीवशास्त्रापाशी थांबली. तिने घेतलेले जीवशास्त्र विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे होते. करारात जीवशास्त्राच्या दुसऱ्याच विषयाचा क्रमांक होता. युनिट मोजली जाणार होती, पण अट पुरी होत नव्हती. तिला हे आधी कुणी सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

संख्याशास्त्र तर शेवटच्या सत्रावर कधीच ढकलू नका. दोन शहरांत शंभर-शंभर रुग्ण सापडले, पण एकाची वस्ती दहा हजार आणि दुसऱ्याची एक लाख असेल, तर पहिल्या शहरातले प्रमाण दसपट आहे. साथरोगशास्त्राची सुरुवात अशा हिशेबापासून होते. ‘डॉक्टर नाही, मग हे कशाला?’ असे विचारणाऱ्या पालकांनाही मी हेच उदाहरण देतो, कारण डॉक्टरांसमोर एक रुग्ण असतो, तर या शास्त्रासमोर सबंध वस्ती असते.

प्रवेशाच्या हमीबद्दलही गैरसमज आहेत. 2010च्या कायद्याने सुरू झालेली ट्रान्सफरची, म्हणजे कॉलेजातून विद्यापीठात जाण्यासाठीची, दोन वर्षांची असोसिएट पदवी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागा देते, पण ती तुमच्या आवडीच्याच कॅम्पसमध्ये मिळेल असे नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही राज्याची दुसरी, वेगळी विद्यापीठव्यवस्था; तिची हमीप्रवेश योजना सहा कॅम्पसपुरती आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हे कॅम्पस त्या योजनेत नाहीत. त्या योजनेचा अर्ज सप्टेंबरमध्ये, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधीच, वेगळा भरावा लागतो.

करारावर शैक्षणिक वर्ष छापलेले असते. ज्या वर्षी कॉलेज सुरू कराल त्या वर्षीची प्रत काढून ठेवा आणि पुढच्या वर्षी नवी प्रत तिच्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. त्या मुलीने उन्हाळ्यात योग्य क्रमांकाच्या जीवशास्त्राला नाव घातले, तेव्हा अशा दोन प्रती तिच्या दप्तरात होत्या.