अँटिलिया: नसलेल्या बेटाचं वतन

(पडद्यावर जुना सागरी नकाशा. कॅमेरा लिस्बनवरून पश्चिमेकडे सरकतो.)

व्हेनिसच्या झुआने पिझ्झिगानोने १४२४ साली काढलेला हा नकाशा. पोर्तुगाल मागे टाकून पश्चिमेला सरकलं, की भर अटलांटिकमध्ये एक लाल आयत दिसतो. म्हणायला बेट, पण आकाराने जवळजवळ पोर्तुगालएवढं. नाव अँटिलिया. मुंबईतल्या त्या उंच घरामुळे आपल्याला हे नाव पाठ आहे. नावाचा मूळ मालक मात्र हा आयत. आणि तो समुद्रात कधी नव्हताच.

तरीही तिथे माणसं राहतात, अशी लोकांची खात्री होती. मार्टिन बेहाइमच्या १४९२ च्या पृथ्वीगोलावर तर त्यांची हकिकतच लिहिली आहे: मूर (उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान) फौजांनी स्पेन जिंकल्यावर, ७३४ साली, पोर्तोचा आर्चबिशप आणि आणखी सहा बिशप गुरंढोरं, बायकामाणसं घेऊन इथे पळून आले. सात बिशप, सात नगरं.

(दृश्य: राजमुद्रा, दौत, लेखणी.)

१४८६ मध्ये पोर्तुगालचा राजा दुसरा जुआँव याने अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या फेर्नांव दुल्मो नावाच्या फ्लेमिश वसाहतदाराला चक्क या बेटाची सनद दिली. खर्च दुल्मोचा, सापडलं तर वंशपरंपरागत वतन त्याचं. तिथली माणसं ऐकेनात, तर राजा फौज धाडणार. न पाहिलेल्या माणसांच्या बंडाचा बंदोबस्त आधीच कागदावर! बेट अर्थातच सापडलं नाही.

इथून पुढे आमची कल्पना. समजा, सापडलं.

(दृश्य: धुक्यात किनारा. घंटेचा आवाज.)

साल १४८७. दोन कॅरॅव्हेल जहाजं खाडीत नांगर टाकतात, आणि किनाऱ्यावरून चर्चची घंटा ऐकू येते. खलाशी गुडघे टेकतात. सातशे वर्षांपूर्वीची लॅटिन बोलणारा एक म्हातारा बिशप पुढे येतो, पाव मोडून देतो. पहिला आठवडा मिठ्या मारण्यात जातो.

मग लिस्बनच्या कायदेपंडितांची पंचाईत होते. १४५५ च्या पोपच्या फर्मानाने राजाला मुसलमान आणि मूर्तिपूजकांना जिंकायची, गुलाम करायची मुभा दिलेली. इथे तर सगळ्यांच्या गळ्यात क्रूस! यावर तोड एकच: यांची उपासना चुकीची ठरवायची.

ही तोड आम्ही हवेतून काढलेली नाही. मलबारात पोर्तुगिजांना खरोखरच जुने ख्रिस्ती भेटले, सुरियानी भाषेत प्रार्थना करणारे. आधी गळाभेटी झाल्या. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेश द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली, आणि तिच्या हुकमाने सुरियानी ग्रंथ तपासले गेले, कित्येक जाळले गेले. १६५३ मध्ये त्याच समाजाने मट्टनचेरीला जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना न मानण्याची शपथ घेतली. क्रुसाला हात पोचेना, म्हणून त्याला दोर बांधून माणसांनी ते धरले, असं तिथे सांगतात.

अँटिलियात असे दोर धरले गेले असते? आम्हाला नाही वाटत. मलबारच्या ख्रिस्ती समाजाच्या हातात मिरीचा व्यापार होता, तिथे स्थानिक राजे होते. पोर्तुगिजांना दोघांचीही गरज होती. अँटिलियाच्या चहूबाजूंनी नुसता समुद्र.

(दृश्य: मदेइरा. डोंगरउतारावरचे पाट, उसाचे मळे.)

वसाहतीचा नमुना तर हाताशीच होता. अटलांटिकमधल्याच मदेइरा या पोर्तुगीज बेटावर जंगलं जाळली गेली, डोंगरातून पाट काढले गेले, ऊस लावला गेला. तोडणीला कॅनरी बेटांवरून आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. शेजारच्या पोर्तो सांतोवर तर पिल्लांसकट सशीण सोडली. तिच्या पिलावळीने वसाहतदारांचं पीक इतकं फस्त केलं, की त्यांना काही काळ बेट सोडावं लागलं.

कॅनरीमधल्या तेनेरिफच्या ग्वांचे लोकांनी १४९४ मध्ये स्पॅनिश फौजेची दाणादाण उडवली होती, तरी १४९६ मध्ये बेट पडलंच. अँटिलियाच्या सात बिशपांना, आमच्या हिशेबाने, फार तर पन्नास वर्षं मिळाली असती. त्यानंतर दुल्मोचे नातू सात नगरांचे वतनदार, आणि त्या म्हाताऱ्याच्या चर्चला लागून उसाचा घाणा.