रणात पक्षी उडवू नका

मित्रहो, कच्छच्या छोट्या रणाचा विषय निघाला की पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा पहिला प्रश्न लेन्सचा येतो. चारशे मिलिमीटर पुरेल का, की सहाशे न्यावी? त्याकडे मी येणारच आहे. पण आधी रणातल्या पाण्याविषयी बोलू, कारण पक्षी पाण्याच्या मागे येतात आणि आपण पक्ष्यांच्या.

छोट्या रणात वाळूच्या टेकड्या शोधू नका. नजर पोचेल तिथवर खाऱ्या मातीचं सपाट मैदान आहे. पावसाळ्यात ईशान्येकडून बनास, रूपेण आणि सरस्वती या नद्या आपलं पाणी इथे आणून सोडतात. पश्चिमेकडून, सूरजबारीच्या खाडीतून, कच्छच्या आखाताचं पाणी आत शिरतं. गोडं आणि खारं एकमेकांत मिसळतं, आणि सगळ्या मैदानाचं उथळ तळं होतं. थोड्या उंचवट्याच्या जागा तेवढ्या वर राहतात, ती इथली बेटं. दसरा-दिवाळीनंतर पाणी आटत जातं, चिखलाला भेगा पडतात, अगरिये कुटुंबकबिल्यासह मीठ पिकवायला रणात उतरतात. जे पाणी मागे उरतं, त्याच्या कडेला मध्य आशियातून आलेले पक्षी जमतात.

कागदोपत्री हे घुडखर अभयारण्य, म्हणजे रानगाढवांचं. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर पसरलेलं. 2024 च्या गणनेत 7,672 घुडखर नोंदले गेले. त्यांच्यासाठी राखलेल्या या जमिनीचा आसरा पक्ष्यांनाही मिळाला, हे फार मोठं भाग्य आहे.

आता कांड्या करकोचा. जगातल्या क्रौंचवर्गीय पक्ष्यांमधला हा सगळ्यात लहान, वजन दोन-अडीच किलो. आपल्याकडे जायकवाडीलाही तो येतो, तेव्हा तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात पिल्लं वाढवायची आणि थंडीत आपल्याकडे यायचं, हा त्याचा क्रम. मंगोलियातल्या पक्ष्यांना ठावठिकाणा कळवणारे उपग्रह-टॅग लावले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट कळली. येताना ते तिबेटचं पठार आणि हिमालय ओलांडून येतात. परतताना मात्र ती वाट धरत नाहीत. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान असा पश्चिमेचा मोठा वळसा घालून घरी जातात. वारा कुठे साथ देईल, जमिनीवर थंडी किती असेल, खायला काय मिळेल, यांवर ही निवड ठरते.

या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. पक्षी हिवाळाभर भुईमुगाच्या आणि गव्हाच्या शेतात सांडलेलं धान्य टिपून ती जमवतो. आपली जीप थव्याच्या अंगावर गेली, तीनशे पक्षी उडाले, आपल्याला हवा तसा भरारीचा फोटो मिळाला, तर त्या फोटोची किंमत त्या शिदोरीतून वळती झाली. एका जीपने फार बिघडत नाही, असं कुणी म्हणेल. पण डिसेंबरच्या सुट्टीत एकाच तळ्यावर एकामागून एक किती गाड्या जातात, ते तुम्ही जाऊन बघा.

आणि मला याचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी, की उडवण्याची गरजच नसते. करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. सूर्योदयाच्या सुमाराला ते आपणहून शेतांकडे निघतात. तुम्ही अंधारातच पोचा, गाडी लांब उभी करा, इंजिन बंद करा. आधी एखादाच आवाज येतो, मग दुसरा त्याला उत्तर देतो, मग सगळं तळं बोलू लागतं. निघायच्या आधी पक्षी माना लांब करून पुढे झुकतात, बहुतेक सगळे एकाच दिशेला. ती खूण दिसली की कॅमेरा तयार ठेवा. टोळीमागून टोळी उठते. एकदा हुकलं तरी पुढची टोळी आहेच.

शिकारी पक्ष्यांचं वेगळं आहे. भोवत्या दिवसभर रणावर आणि आजूबाजूच्या शेतांवर खालून तरंगत टोळ, उंदीर, चंडोल शोधतो, आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतो. सूर्य मावळल्यावर हेडलाइट लावून त्या गवतात गाडी घातली, तर तो अंधारात उठतो आणि पुन्हा कुठे बसायचं हे त्याला दिसत नाही. कोल्हे आणि रानमांजरं तिथेच फिरत असतात. सूर्यास्तानंतर गवताजवळ थांबूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हुबारा म्हणजे माळढोकाच्या कुळातला पक्षी. त्याचा तर सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. मातीच्या रंगाचा पक्षी, धोका वाटला की दबून राहतो. ससाण्यांकडून त्याची शिकार करवण्याची हौस अनेक देशांत आहे, त्यामुळे संख्या घटत गेली. तो दिसला की ड्रायव्हर गोल घिरट्या घालत जवळ नेतात. असं करू नये. गाडी तिरकी न्यावी, थांबावं, परत थोडं जावं. पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली की आपणही थांबावं. बसलेल्या शिकारी पक्ष्याने पुढे झुकून शीट टाकली, तर तो उडायच्या बेतात असतो. अनेकजण ही खूण पाहून शटरवर बोट ठेवतात. तो आपल्यामुळे अस्वस्थ झाला असेल, तर मागे सरायचं.

आता लेन्स. पाचशे मिलिमीटर असेल तर उत्तम, चारशेही चालते. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरू लागते, मृगजळ उठतं, आणि मग कितीही महागडी काच असली तरी पिसं पुसट येतात. म्हणून खरं काम उजाडल्यावरच्या पहिल्या दोन तासांचं. पांढऱ्या जमिनीमुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, तेव्हा एक्सपोजर थोडं वाढवा. लेन्स गाडीबाहेर बदलू नका, खारट धूळ बारीक असते. पायी उतरायचा मोह टाळा. गाडीला पक्षी जितके सरावतात तितके चालत्या माणसाला सरावत नाहीत.

अहमदाबादहून विरमगामच्या वाटेने झैनाबाद, दसाडा किंवा बजाणा गाठता येतं. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, अभयारण्य बंद असतं. करकोच्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

ड्रायव्हर-गाइडला दोष देऊन मात्र आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याला जाणवतं की साहेबांना जवळचा फोटो मिळाला की बक्षिशी वाढते, म्हणून तो गाडी रेटतो. आदल्या संध्याकाळीच त्याच्याशी बोला. सांगा, पक्षी उडाला तर आम्हाला नको, आणि काहीच दिसलं नाही तरी तुझी बक्षिशी ठरलेली आहे. ही माणसं त्याच गावांत वाढलेली असतात, त्यांना पक्ष्यांच्या सवयी आपल्यापेक्षा कितीतरी चांगल्या ठाऊक असतात. आपण घाई केली नाही, तर कुठे थांबायचं हे तेच सांगतात.