बोट तुटलं तर थेट बर्फात टाकू नका

बेळगावच्या खानापूर रोडच्या आतलं आमचं गाव, गोठ्याच्या मागं कडबाकुट्टी मशीन, पहाटेची वेळ. वैरण सारता सारता काकांचा हात जरा पुढं गेला आणि अंगठा गेला बघा. घरात एकच गोंधळ, कुणीतरी अंगठा उचलला आणि सरळ बर्फाच्या डब्यात टाकला, आम्हाला वाटलं थंड राहिला म्हणजे टिकेल, पण बर्फ थेट लागला की मांस गोठून मरतं हे दवाखान्यात गेल्यावर कळलं. तो अंगठा काय जोडता आला नाही.

उद्यमबागेत प्रेसवर काम करणारे, वडगाव-खासबागात मागावर बसणारे, गुऱ्हाळावर ऊस सारणारे, सगळ्यांनी हे नीट ऐका. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्यानं धुवायचं, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. जखमेवर फडकं दाबून धरायचं, हात वर. असं थंड ठेवलेलं बोट २४ तासांपर्यंत जोडता येऊ शकतं. पण अख्खा हात तुटला असेल तर त्यात स्नायू असतात, ते रक्ताशिवाय लवकर मरतात, तिथं सहा तास सुद्धा जास्तच.

आता जोडतात कसं ते बघा. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटर, दोरा केसापेक्षा बारीक, नुसत्या डोळ्यांना धड दिसत पण नाही. आधी हाड तारेनं बसवतात, मग मायक्रोस्कोपखाली वाहिनीची दोन टोकं समोरासमोर आणून एकेक टाका. वाहिनी दाबून धरणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, सोडला की पांढरंफटक बोट हळूहळू गुलाबी होतं. रक्त परत नेणारी शीर नीट चालली नाही तर बोट निळं पडतं, अशा वेळी साचलेलं रक्त शोषून घ्यायला काही ठिकाणी जळवासुद्धा लावतात.

१९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथं कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. पुढं याच विद्येनं खूप काही झालं. आपला निपाणीचा पट्टा तंबाखूचा, तोंडाच्या कॅन्सरमुळं जबडा काढावा लागला तर पायातलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून, जबड्याच्या आकारात कापून, मानेतल्या वाहिनीला जोडतात. माणूस नंतर चालतोही, कारण वजन पेलायला पायातलं जाड हाड असतंच की.

काकांचं पण तसंच झालं. वर्षभरानं पायाचं दुसरं बोट काढून अंगठ्याच्या जागी लावलं. पहिले काही दिवस नर्स तासातासाला येऊन रंग बघायच्या, बोट गरम आहे का बघायच्या, आणि तंबाखू एकदम बंद, कारण तंबाखूनं वाहिन्या आवळतात. जाणीव नेणारी नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते म्हणून जाणीव यायला कितीतरी महिने गेले. गेल्या आठवड्यात चहाचा स्टीलचा ग्लास उचलला, पटकन खाली ठेवला आणि काकूला म्हणाले, "अगं, भाजालंय की!"