गॅप पाहिल्याशिवाय रिंग चढत नाही

साखर कारखान्यांचे गाळप बंद झाले की लातूर-औसा रस्त्यावरच्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलेली आणि त्याआधी काळ्या रानाच्या धुळीत राबलेली ही इंजिने आता ऑइल खाऊ लागलेली असतात, चढाला दम सोडतात आणि ब्रीदरच्या नळीतून धूर टाकतात; आणि मृगाच्या आत ती पुन्हा रानात उतरायची असतात. समोर दिसतो आहे तो तीन सिलिंडरचा मोकळा ब्लॉक. त्याच्या शेजारी, गोणपाटावर मांडलेले आहे नवे लायनर-पिस्टन किट: सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नळ्या म्हणजे लायनर, त्यांत वरखाली धावणारे पिस्टन आणि पिस्टनच्या खाचांत बसून लायनरच्या भिंतीला भिडणाऱ्या रिंगा.

गॅरेजमधील पोरे ज्यांना उस्ताद म्हणतात, ते मिस्त्री आधी जुन्या लायनरच्या आतून नख फिरवतात. वरच्या काठाखाली जिथे नख अडकते, तिथपर्यंत वरची रिंग पोचत होती. सर्वांत जास्त झीज याच पट्ट्यात होते, कारण ज्वलनाचा दाब आणि उष्णता तिथे सर्वाधिक असते आणि ऑइल मात्र सर्वांत कमी पोचते. त्यात एअर क्लीनरची निगा राखली गेली नसेल, तर आत शिरलेली बारीक धूळ रिंग आणि लायनर यांच्यामध्ये पॉलिश पेपरचे काम करते.

नवे लायनर बसले आहेत. त्यांच्या आतील भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. या रेघा होनिंगच्या, म्हणजे घासदगडाने मुद्दाम ओढलेल्या असून त्यांच्यात ऑइल टिकून राहते आणि त्यांच्याच आधाराने नवी रिंग भिंतीशी जुळते. हा लायनर आरशासारखा गुळगुळीत नसतो, आणि तो तसा असूही नये.

पिस्टन मायक्रोमीटरमध्ये धरताना उस्ताद तो गजन पिनेच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात, खालच्या घेरावर धरतात. पिस्टन पूर्ण गोल नसून किंचित लंबगोल केलेला असतो, त्यामुळे भलत्या दिशेने घेतलेले माप फसवे ठरते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि लायनर ओतीव लोखंडाचा. तितक्याच उष्णतेला ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगते. थंड इंजिनात दोहोंमध्ये सोडलेली फट ही त्या फुगण्यासाठी राखलेली जागा असते.

आता रिंगेची गॅप. ट्रॅक्टरमालकाने गॅरेजमध्ये स्वतः थांबून पाहावे असे एक काम निवडायचे झाले, तर ते हेच आहे. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी, ती ज्या लायनरमध्ये चालणार आहे त्याच लायनरमध्ये एकटी सोडली जाते, पिस्टनच्या सपाट माथ्याने समपातळीत खाली सरकवली जाते आणि तिच्या दोन टोकांमधील फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पात घातली जाते. १०० मिलिमीटर बोअरला (लायनरच्या आतील व्यासाला) साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर हा ढोबळ हिशेब आहे. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा लागतो. एवढ्याशा फटीला इतके महत्त्व का, हे गणिताने कळते. १०० मिलिमीटर व्यासाची लोखंडी रिंग लायनरपेक्षा ८० अंश सेल्सिअसने जास्त तापली, तरी तिच्या ३१४ मिलिमीटरच्या घेरात पाव मिलिमीटरहून अधिक वाढ होते. तेवढी जागा नसेल तर दोन्ही टोके एकमेकांवर आदळतात, रिंग भिंतीत रुतते आणि लायनर ओरबाडला जातो.

या रिंगेत पात अडकते आहे. रिंग बाहेर काढून तिचे टोक कानशीने हलकेच घासले जाते. “कानस बाहेरून आत ने, उलटी ओढू नको,” असे उस्ताद शेजारच्या पोराला सांगतात, कारण उलट घासल्यास रिंगेच्या बाहेरच्या कडेवरचा क्रोमचा थर उखडू शकतो. मग पुन्हा लायनर, पुन्हा पात. “नवा माल आहे, बसेलच” असे म्हणून ही पायरी गाळणारी गॅरेजेही आहेत, आणि पेरणीची घाई हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

चढवताना सर्वांत आधी खालची ऑइल रिंग, मग मधली, शेवटी वरची. खूण असलेली बाजू आकाशाकडे. रिंगांची तोंडे, म्हणजे त्यांच्या फटी, एका रेषेत येऊ न देता ती घेरावर एकमेकींपासून दूर फिरवली जातात आणि गजन पिनेच्या रेषेवर एकही तोंड ठेवले जात नाही. ऑइलने माखलेला पिस्टन, रिंगा दाबून धरणाऱ्या पट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये आवळून, माथ्यावरची खूण ठरलेल्या बाजूला ठेवून, हातोडीच्या लाकडी दांड्याने हळूहळू आत लोटला जातो. मध्येच अडकला तर उस्ताद जोर लावत नाहीत. पिस्टन बाहेर काढून रिंग पुन्हा पाहतात.

कनेक्टिंग रॉड आणि तिची कॅप यांवरचे आकडे जुळवून नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने, आवळले जातात आणि प्रत्येक पिस्टननंतर क्रँक हाताने फिरवून पाहिला जातो. यात कसर राहिली तर निळा धूर, ऑइलचा वाढता खप आणि पुन्हा तोच खर्च. बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास पूर्ण भार देऊ नये, तसेच ते नुसते रिकामे धडधडतही ठेवू नये, कारण मध्यम भाराखालीच गॅसचा दाब रिंगांना भिंतीशी नीट भिडवतो. पहिले ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलायचे आहे, हे उस्ताद चावी देतानाच मालकाला सांगतात.