पेशींचा शेजारधर्म

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा लागला की आपल्या इंदुरात घरटी एक जण तरी तापानं फणफणतो. मग रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत, औषधाच्या दुकानात मागणी एकच: अँटिबायोटिक द्या! अहो, ते जिवाणूंवरचं औषध. विषाणूला त्याचं काहीच वाटत नाही. विषाणूशी पहिली झुंज देते ती आपली पेशी.

हे कळलं कसं, ते ऐका. १९५६ साली लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधन संस्थेत अलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेला तरुण जाँ लिंडनमन चहा पिता पिता बोलू लागले. (चहा असा बसून, बोलत घ्यावा. हल्ली कचेऱ्यांत जो तो आपला कप घेऊन संगणकासमोर बसतो, ते मला मुळीच पटत नाही.) कोडं असं होतं, की एक विषाणू शिरलेल्या पेशीत दुसरा सहसा वाढत नाही. का? त्यांनी कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यातला पातळ पडदा घेतला, त्याचे तुकडे केले आणि उष्णतेनं निकामी केलेला फ्ल्यूचा विषाणू त्यांवर सोडला. मग तुकडे धुऊन स्वच्छ द्रावणात ठेवले. काही वेळानं तुकडे काढून टाकले. उरलं नुसतं पाणी. त्या पाण्यात नवे, कोरे तुकडे घातले आणि आता जिवंत विषाणू सोडला. तो नीट वाढेचना! म्हणजे पहिल्या पेशींनी त्या पाण्यात काहीतरी सोडलं होतं. तेच इंटरफेरॉन. १९५७ साली निबंध छापून आला, तरी पुष्कळांचा विश्वास बसेना.

आज आतली गोष्टही ठाऊक आहे. पेशीत रिग-आय नावाचं प्रथिन असतं. विषाणूच्या आरएनएचं, म्हणजे जनुकीय संदेश वाहणाऱ्या रेणूचं, टोक आपल्या आरएनएसारखं नसतं, ते हे बरोबर ओळखतं. मग इंटरफेरॉन बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींना सावध करतं. लक्षात घ्या, सावध करतं, स्वतः विषाणूला मारत नाही. सावध झालेल्या पेशी शेकडो जनुकं चालू करतात. विषाणू आत शिरलाच, तर काही प्रथिनं त्याचा आरएनए कापतात, काही पेशीतली प्रथिननिर्मितीच थांबवतात.

हे सगळं काही तासांत सुरू होतं. नेमक्या अँटिबॉडी तयार व्हायला बरेच दिवस लागतात. तोवर किल्ला लढवतात त्या याच पेशी. आणि तापातली ती अंगदुखी, ती मरगळ? त्यातही इंटरफेरॉनचा हात असतो. तेव्हा घरातल्या तापकऱ्याला मऊ भात द्या, निजू द्या, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. नमस्कार.